फळीवर उभं राहायची अट

२ मे २००८
बडोद्यातल्या मराठी बापांनो! मुलींना आपण शिकवलं, बोलतं केलं, आणि आता त्या आपल्याशीच वाद घालतात, ही आपली सगळ्यांची तक्रार आहे...
मंडळातल्या भाषणाची सुरुवात. इथवर लिहून अडलो. कारण आमची मुक्ता. गोव्यात सर्फिंग शिकवणारी शाळा आहे. फळीवर उभं राहून लाटेवरून यायचं. तिथेच शिकली, आता तिथेच नोकरी घेणार म्हणते. मी म्हणालो, शार्क! ती हसली. "व्यासपीठावरून 'भिऊ नका' म्हणून ओरडता ना, बाबा? एकदा स्वतः फळीवर उभे राहा. मग नाही म्हणालात तर नाही जाणार."
कबूल केलं. रागात.

५ मे
वाचनालयातून शार्कवरचं पुस्तक आणलं. शार्क माणसाच्या वाटेला फारसा जात नाही म्हणे. फारसा! सभेत कुणी असा शब्द वापरला असता तर सोलून काढला असता.

८ मे
गच्चीवर सराव, ऊन चढायच्या आत. जुन्या दिवाणाची फळी. पालथं पडायचं, हात छातीखाली, एका उडीत उभं. लहानपणापासून आखाड्यात गेलेलं अंग. ते आपोआप दंडच घालतं. शेजारच्या गच्चीवर जशुबेन पापड वाळवत होत्या. "भाई, दरियो नागरवाडामां आववानो छे के शुं?" म्हणजे समुद्र आमच्या नागरवाड्यात येणार की काय! सौ. खालून, "आधी जिना चढताना धाप लागते ती बघा!"
मु. म्हणाली, "पायांकडे बघू नका. भाषण करताना बघता का? समोर श्रोत्यांकडे बघा."

१५ मे, गोवा
पाणी छातीपर्यंत. पडलो. पायाला काहीतरी गुंडाळलं. किंचाळलो. फळीची दोरी होती, माझ्याच घोट्याला बांधलेली. सौ. वाळूवर हसून बेजार.
परत पाण्यात जायला पाय तयार होईनात. मु. काही बोलली नाही, नुसती फळी धरून उभी राहिली. बोलली असती तर उत्तर दिलं असतं.

१६ मे, गोवा
उभा राहिलो!! श्रोते म्हणजे एकटी सौ., हातात माझ्या चपला. क्षणभरच. पडतानाही शार्क आठवला नाही. जिंकलो, असं वाटलं. मग लक्षात आलं, अटीप्रमाणे नाही म्हणायचा हक्क मिळाला, पण शार्कचं कारणच गेलं की.
नंतर मु. फळी घेऊन आत गेली. लांब, लाट उठते तिथे. डोकं दिसेना. आणि शार्क आले. सगळे. मी पाण्यात होतो तेव्हा एकही नव्हता, हे काय गौडबंगाल?
सौ.ला म्हणालो, हाक मार तिला. ती म्हणाली, "तुम्ही मोर्च्याला जायचात तेव्हा मी दारात अशीच उभी असायचे. मारली का कधी हाक?"

२० मे, बडोदा
शाळेला कळवायचंय. मु. सकाळपासून घरात माझ्या मागेपुढे करतेय, विचारत नाही. स्वतःच्या भीतीवर तासभर बोलेन. पण आपलं माणूस आत असताना काठावर जी वाटते, तिच्याशी वाद कसा घालायचा? आणि त्या भीतीचं ऐकून नाही म्हणायचं की...
मुक्ते, आत्ता हो-नाही मागू नकोस. गोव्याचं तिकीट काढ, आपल्या दोघांचं. लाट उठते तिथवर मला ने. मग विचार.