दोन दिवसांसाठी स्वेटर

इंद्रकुमारची माय,

तू गिरणीवर गेलीस आणि गाडी लवकर आली. सुनेला आणि नव्या नातवाला दवाखान्यातून आणायला आम्ही निघालो आहोत. त्याच्या ताईला, चेतनालाही सोबत नेतो आहे.

दुपारी तिचा मामा तिला दरेकशाला न्यायला येणार, असे तू म्हणालीस. "दोनच दिवस, बाळंतिणीले आराम भेटन." पण मी तिची पिशवी उघडून पाहिली. ऐन पावसाळ्यात, धानाच्या रोवणीच्या दिवसांत तिच्यात स्वेटर कशाला? आणि पाटी? दोन दिवसांत ती तिथे किती पाढे लिहिणार आहे?

काल अभ्यासाला बसली, तर पाचाचा पाढा म्हणता म्हणता थांबली आणि मला विचारते, "आबाजी, बाबू आला तं आता मले मामाकडेच राहा लागन का?" हे तिचे तिला सुचलेले नाही. इंद्रकुमारला विचारले, तर तो पावसाचे बोलू लागला. सुनेला यातले काही माहीत नसावे. गाडीत तिला विचारीन.

माझा संशय खोटा असेल तर मला खुशाल हस. खरा असेल तर मामाला फोन करून येऊ नको म्हणून सांग.

स्वेटर मी परत पेटीत ठेवला आहे. थंडीत तो इथेच लागेल.

दारात तू भाकरतुकडा घेऊन येशील तेव्हा बाळ चेतनाच्या हातांत असेल, खालून हात माझे असतील. तुला दोघांवरूनही एकदमच ओवाळावे लागेल.

यादोराव