सुबाभूळवाल्या गुरुजींची निरवानिरव

मी, रघुनाथ काशिनाथ म्हात्रे, वय ७४, निवृत्त शिक्षक, राहणार काशीद, तालुका मुरूड, जिल्हा रायगड, पूर्ण शुद्धीवर असताना व कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे. अक्कल उशिरा आली. पण तिच्याबद्दल कायद्यात अट नाही, असे वकील म्हणाले.

१. राहते घर मुलगा सुजित व मुलगी हेमांगी यांना समान. बँकेतील ठेव हेमांगीला. माझ्या आजारपणात रजा तिनेच काढली. सुजितने फोन केले.

२. सुबाभूळ लावल्याबद्दल १९८७ साली मिळालेले सन्मानचिन्ह कोणालाही देऊ नये. सरकारी वनीकरण शिबिरातून या झपाट्याने वाढणाऱ्या चाऱ्याच्या झाडाचे बियाणे आणून मी ते माझ्या वरकसावर, म्हणजे डोंगरउताराच्या जमिनीत, लावले. शेजारचा तुकडा दिवंगत थोरल्या भावाच्या पत्नीचा, तुळशीवहिनींचा. त्या म्हणाल्या, "भावोजी, याचं बी माझ्या वरीत आलं तर?"

मी चारचौघांत म्हणालो, "वहिनी, हे विज्ञान आहे. तुम्हाला कळायचं नाही."

काही वर्षांत त्यांची वरी गेली, गवत गेले, म्हशी विकाव्या लागल्या. त्यांनी माझ्याशी बोलणे टाकले. मी त्याला अडाणीपणा म्हणत राहिलो.

३. घोडा व खोगीर किनाऱ्यावरच्या घोडेवाल्या प्रीतमला. निवृत्तीनंतर पर्यटकांना फिरवायला मी हा घोडा घेतला आणि फुकटचा पाला म्हणून त्याला सुबाभूळच घातली. आयाळ गळाली, मग शेपूट गळाली. पर्यटक त्याला गाढव समजू लागले. डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, हा पाला बंद करा." वहिनींनी सांगून पटले नव्हते, ते घोड्याच्या शेपटीने पटवले.

त्याच आठवड्यात मी वहिनींच्या दारात माफी मागायला उभा राहिलो. त्या म्हणाल्या, "माफी घेऊन काय करू? टिकाव आणा."

तीन उन्हाळे आम्ही मुळे खणतो आहोत. नुसते तोडले तर बुंध्याला चार नवे फोक फुटतात. त्यांचा अर्धा तुकडा मोकळा झाला. माझी कंबर गेली.

४. माझे वरकस माझ्या पश्चात तुळशीवहिनींना.

हे कलम वाचून दाखवताच त्या भडकल्या. "तुमच्या पश्चात? म्हंजे तुम्ही हाय तवर तुमचं बी माझ्या शेतात येत ऱ्हानार? मला ते मुळापासून काढायचंय. पावसाआधी द्या!"

सबब कलम ४ रद्द. वरकसाचे बक्षीसपत्र काल नोंदवले. सुजित रिसॉर्टवाल्यांना शब्द देऊन बसला होता, तो रुसला आहे. नव्या मालकीणबाईंनी मला उद्या सकाळी सातला बोलावले आहे. डबा स्वतःचा आणायचा आहे.

वरील मजकूर वाचून, स्वतःला दोनदा हसून, साक्षीदारांसमोर सही केली.

रघुनाथ काशिनाथ म्हात्रे

साक्षीदार: १. मृणाल ठाकूर २. कान्हा भगत

स्थळ: काशीद
दिनांक: २२ मे २०२५