फक्त बेंगोल

४ जून, रविवार

मी नेमकं काय जमवते? आमच्या नाणेसंग्राहक मंडळाचे सचिव पाक हार्दोनो यांनी आज भर बैठकीत हा प्रश्न विचारला. मला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन दोन तास विचार केला. अजूनही देता येत नाही.

त्यांनी माझा बिस्किटांचा डबा उघडून त्यात बोट फिरवलं. म्हणाले, सिंगापूर, थायलंड, भोकाची चिनी, आणि हे तर बटण आहे. (ते बटण आहे हे मला माहीत होतं.) मग म्हणाले, ‘ताई, याला संग्रह म्हणत नाहीत, याला सुट्टे म्हणतात.’ सगळे हसले. ज्यांना स्वतःच्या सदऱ्याची बटणं नीट लावता येत नाहीत, तेही हसले.

१२ ऑगस्टला मंडळाचं प्रदर्शन आहे. एखादी मालिका पूर्ण असेल त्याला स्वतंत्र टेबल मिळतं, नावाच्या पाटीसकट. मी उभी राहिले आणि जाहीर केलं की माझं टेबल असेल. विषय: बेंगोल. आमच्या देशावर डचांचं राज्य होतं तेव्हाचं अडीच सेंटचं जाड तांब्याचं नाणं. विसाव्या शतकातली नऊही वर्षं.

माझ्याकडे तीन आहेत. पण संकल्पाला संख्येची अडचण नसते.

५ जून

भिंतीवर लिस्ट लावली. १९०२, १९०७, १९०८, १९०९, १९१३, १९१४, १९१५, १९२०, १९४५. खाली लाल अक्षरात: फोकस.

बिस्किटांच्या डब्याला कुलूप. किल्ली धाकट्या बहिणीकडे, तुतिककडे दिली. ती म्हणाली, ‘ताई, मागच्या वर्षी पोस्टाची तिकिटं होती, तेव्हाही किल्ली माझ्याकडेच होती.’ बारावीला दोनदा नापास झालेल्या मुलीने माझा इतिहास काढावा.

आईला प्रदर्शनाचं सांगितलं. हे करायला नको होतं. संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या अकराही घरांना कळलं. पण विचार केला तर योग्यच झालं. आमच्या घरात आणि गल्लीत पदवी असलेली मी एकटी. अंगात वारं भरलं, म्हणजे सर्दी-कणकण झाली, की या बायका एकमेकींच्या पाठी ज्या नाण्याने घासतात, ते डचांनी कशाच्या बदल्यात आपल्या हातावर ठेवलं होतं, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवं. मी सांगेन. टेबलामागे उभी राहून.

११ जून

जुना बाजार. १९०२ आणण्यासाठी गेले.

आणलं: जपानी अमलातल्या चार नोटा, बालीची भोकाची नाणी (एक माळ), मलायाचं चौकोनी नाणं. ही खरेदी नव्हे, संदर्भसाहित्य. बेंगोल समजायचं तर आजूबाजूचं समजलं पाहिजे.

नाणी विकणारी बू पार्मी म्हणाली, तुझ्यासारखं गिऱ्हाईक देव सगळ्यांना देवो. हे कौतुक नव्हतं हे मला बस स्टॉपवर कळलं. परत जाऊन उत्तर देणार होते, पण बस आली.

२५ जून

आठ. होय, आठ. १९०२ आणि १९०७ सेमारांगहून आली, बाकीची मंडळातल्या दोन म्हाताऱ्यांकडून. त्यासाठी माझा संदर्भसाहित्याचा निम्मा साठा द्यावा लागला. वाईट वाटलं नाही. चौकोनी नाण्याचं थोडं वाटलं.

फक्त १९०९ राहिलं. पाक हार्दोनोंनी ग्रुपवर माझ्या फोटोखाली अंगठा टाकला. एक अंगठा. इतरांना ते दोन टाकतात.

२ जुलै

१९०९ आमच्याच घरात आहे.

पाठ घासणं हा आईचा धंदा. सकाळी औषधी काढे विकते, दुपारी पडवीत चटई टाकून बायकांच्या पाठी घासते, आणि ज्या बेंगोलने घासते ते आजीपासून आलेलं. आज ते धुवायला ठेवलं होतं, तेव्हा भिंगातून पाहिलं. दोन पिढ्यांच्या पाठींवर झिजून गुळगुळीत झालंय. तरी १, ९ आणि शून्य आहे. शेवटचा आकडा म्हणजे नुसती सावली. पण ती नवाची सावली आहे. मी इतिहास शिकलेली आहे, मला सावल्या वाचता येतात.

आईकडे मागितलं. नाही म्हणाली. मी म्हटलं, हा ऐतिहासिक पुरावा आहे. ती म्हणाली, ‘ते माझं हत्यार आहे. तुझं पदवीचं सर्टिफिकेट चुलीला वारा घालायला मागितलं का मी कधी?’

अशा वातावरणात संशोधन होत नाही.

९ जुलै

आईने नाणं दिलं. कारण विचारलं तर म्हणाली, तू आठवडाभर जेवताना तोंड पाडून बसतेस, ते बघवत नाही. कारण काहीही असो, पटवून दिलं मीच.

बदल्यात तिला नवीन हजार रुपियाचं नाणं दिलं. चकचकीत, स्वच्छ, स्वतंत्र देशाचं.

१३ जुलै

तक्रारी. नवं नाणं टोचतं म्हणे. शेजारची बू तुमिनी म्हणाली, ‘वारं राहिलं आत, कातडं आलं बाहेर.’ आणि समोरच्या गल्लीतल्या बाईकडे गेली. तिच्यामागे अजून चौघी. आईने चटई गुंडाळून ठेवली. तुतिक मात्र माझ्याकडे पाहत होती. मी लिस्टकडे पाहत होते. फोकस.

या बायकांसाठीच मी हे करते आहे, हे त्यांना प्रदर्शनात कळेल आणि लाज वाटेल.

१९ जुलै

सुरो महिना लागला, म्हणजे आमचं नवं वर्ष. दरवर्षीप्रमाणे गल्लीतला म्हातारा सास्त्रोमामा सगळ्यांच्या क्रिस कट्यारी लिंबाच्या रसात धुणार. पात्यावरची पुसट नक्षी वर येते. लोक त्याला पूजा म्हणतात. मला तो निव्वळ आम्लाचा परिणाम वाटतो, आणि दरवर्षी मी मामाला तसं सांगते. दरवर्षी तो म्हणतो, बाळ, बाजूला हो.

पण आज एक विचार आला. पुसट नक्षी वर येते, तर पुसट नऊ का येणार नाही?

२२ जुलै, सकाळी ११

मामाकडे जाऊन आले. तो म्हणाला, लोखंडाचं मला कळतं, तांब्याचं नाही, तू शिकलेली आहेस, तू ठरव. मी ठरवलं.

लिंबाच्या रसाच्या ताटात एक नाणं एकटं बरं दिसत नव्हतं. शिवाय ते उजळल्यावर बाकीची आठ कळकट दिसतील आणि टेबलाची शोभा जाईल. नऊही टाकली. मामाने फुलं वाहिली. मी हरकत घेतली नाही.

दुपारी ३

नऊही नाणी गुलाबी झाली आहेत. नव्या बाळासारखी. अत्यंत सुंदर.

आईच्या नाण्यावरची सावली गेली. त्यासोबत शून्यही गेलं. आता तिथे १ आणि ९ आहे. म्हणजे ते विसाव्या शतकातलं आहे एवढं तरी निश्चित झालं.

फोटो ग्रुपवर टाकला. शीर्षक: मालिका पूर्ण.

२३ जुलै

ग्रुपवर शहाण्णव मेसेज. एकही अंगठा नाही.

पाक हार्दोनोंनी लिहिलं: ‘ताई, ही धुतली कोणी?’ मग लिहिलं की तांब्यावर शंभर वर्षांत चढलेला रंग हाच नाण्याचा जीव, तो काढला की राहतो तो पत्रा. एका म्हाताऱ्याने लिहिलं की आपण दिलेलं १९१५चं नाणं परत मिळेल का, निदान अंत्यसंस्कार करतो.

मी उत्तर दिलं की मामाने धुतली. त्यात खोटं काही नाही. ताट मामाचं होतं.

३० जुलै

मंडळाचं पत्र. धुतलेल्या नाण्यांना टेबल नाही. नववं नाणं तर ‘ओळखू न येणारे’. हे राजकारण आहे. पाक हार्दोनोंचं स्वतःचं टेबल आहे आणि त्यांना माझी भीती वाटते.

आईचं नाणं तिला परत दिलं. तिने तेल लावून आपल्या दंडावर ओढून पाहिलं. आता खरखरीत लागतं म्हणाली. किती दिवस घासलं की पुन्हा गुळगुळीत होईल, असं मी विचारलं. ती म्हणाली, माझ्या आईला वीस वर्षं लागली होती.

टेबलाचं अजून घरी सांगितलेलं नाही. योग्य वेळ पाहते आहे.

११ ऑगस्ट

योग्य वेळ मिळाली नाही. बायकांनी उद्यासाठी मिनीबस ठरवली आहे. केळीच्या पानात भात बांधणार आहेत. बू तुमिनीने केस काळे केले. मला पाहून म्हणाली, ‘आमच्या पोरीचं टेबल म्हणजे आमचंच.’ मी म्हटलं, हो.

१२ ऑगस्ट, सकाळी ६

आईला सांगितलं की प्रदर्शन रद्द झालं.

ती चुलीपुढे हळद कुटत होती. मान वर न करता म्हणाली, ‘असं? मागच्या आठवड्यात पाक हार्दोनोंची बायको आली होती. आता माझ्याकडे पाठ घासायला दुसरं कोणी येत नाही, म्हणून तिचा नंबर लगेच लागला. प्रदर्शनाचे टेबलक्लॉथ इस्त्री करून पाठ धरली होती तिची.’

कुटलेली हळद तिने डब्यात भरली.

मग म्हणाली, ‘तुला टेबल नाही हे तिच्याकडून मला आठवडाभर माहीत आहे. मी कोणाला बोलले नाही. ते तू बोलायचं. आत्ता. घरोघर.’

सकाळी १०

गेले. पहिल्या सहा घरी सांगितलं की टेबल मिळालं नाही, सास्त्रोमामाने नाणी धुवून वाट लावली. सगळ्यांनी हळहळ केली. बू तुमिनी म्हणाली, त्या म्हाताऱ्याला कट्यारीपलीकडे काय कळतं.

सातवं घर सास्त्रोमामाचं होतं.

तो इस्त्रीचा बाटिक शर्ट घालून, केस विंचरून, मिनीबसची वाट पाहत दारात बसला होता. त्याच्यापुढे तेच वाक्य म्हणता येईना. म्हटलं, टेबल मिळालं नाही, नाणी मी धुतली. तो म्हणाला, माहीत आहे बाळ, मी तिथेच होतो.

पुढच्या चार घरीही तसंच सांगितलं. बायका म्हणाल्या, प्रदर्शन तर आहे ना? गाडी ठरली आहे, भात बांधला आहे. नऊ वाजता गेल्यासुद्धा, आईला आणि मामाला घेऊन. पहिल्या सहा घरच्या बायका मामाशी बोलत नव्हत्या. तो खिडकीशी एकटा बसला होता.

मी रिक्षा करून हॉलपर्यंत मागे गेले. सहाही जणींना दारातच गाठलं, पाक हार्दोनो तिकिटं फाडत उभे होते तिथे, आणि त्यांच्यादेखत सांगून आले की नाणी मी धुतली.