नळीतला झेंडू

खंडेनवमी, संध्याकाळ. केडगाव

आज सणसवाडीला आमच्या कारखान्यात यंत्रांची पूजा झाली. अणुभट्टी थंड ठेवायला आम्ही बनवलेल्या नळ्यांनाही वेल्डरमामांनी झेंडू वाहिले. आत्ता जेवताना आठवलं, एक झेंडू त्यांनी नळीच्या उघड्या तोंडातच खोचला होता. नंतर टोपणं बसली. फूल काढलं का?

मामांना फोन केला.

"देवाचं फूल कोण काढतंय? पाणी ढकलंल की त्याला."

वीज गेली तरी पाणी आपोआप फिरावं, म्हणून तर या नळ्या. तिथं ढकलायला पंपच नाही. झेंडू अडकला तर?

"कुठली नळी, मामा?"

"काय सांगू? सगळ्या सारख्याच."

सकाळी नळ्या घेऊन गाडी निघणार. साहेब फोन उचलत नाहीत. हात धुतले तरी बोटांना झेंडूचा वास येतोय. फुलं मीही वाहिली होती. कुठं, ते आठवत नाही.