टंकयंत्राचा नवा रूळ

१४ नोव्हेंबर १९९४, सोमवार. सायंकाळचे सात वाजून दहा मिनिटे. जळगावला घरी येऊन टंकयंत्र पुसत आहे.

आज ते मांडीवर घेऊन एस.टी.ने धुळ्याला गेलो. कचेरीबाहेर माझ्याकडे येणाऱ्यांना अर्जाच्या चार प्रती लागतात आणि महिनाभर चौथी वाचताच येत नव्हती. गिऱ्हाईक तुटत होते. साठवलेले सगळे घालून नवे यंत्र घ्यायचे जवळजवळ ठरले होते.

दुरुस्तीवाल्या नानांनी रबरी रूळ नखाने दाबला, खूण उमटेना, आणि ते हसले. "हाऊ दगड व्हयना शे. जू मोडनं म्हणीसन बैल इकशी का?"

"पण नाना, का विकू नये? वीस वर्षांचे आहे."

"मी सत्तर वरीसना शे. माले बी इकी टाक."

त्यांनी रूळ बदलला. मी चार कागद, तीन कार्बन घातले, टंकले आणि चौथी प्रत उजेडात धरली. अनुस्वारसुद्धा स्पष्ट. खात्री होईना म्हणून परत धरली. वर्षभरात पुन्हा बिघडले तर? बिघडू दे, नाना आहेत. उद्या नऊऐवजी आठलाच बसतो.

खर्च: रूळ १५० रु., एस.टी. जाऊन-येऊन ४४ रु.
देणे: नानांनी मजुरी घेतली नाही. त्यांच्या नातवाचा नोकरीचा अर्ज, चार प्रतींत.