पडद्याला सांगितलेलं माप

धुळे
५ सप्टेंबर १९९९

चि. लीलाधर यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

तू जळगावहून पाठवलेला मॉनिटर पोचला. टेम्पोवाल्याने आणि ह्यांनी तो आत घेताना दाराची चौकट खरवडली, त्याचा सगळा दोष ह्यांनी तुझ्या माथी मारला आहे. पण अरे बाबा, पडदा एवढा टोलेजंग आणि अक्षरं खसखशीएवढी! जुन्या चौदा इंचीवर निदान भिंग लावून वाचता यायचं. ताट मोठं, वाढलेलं कमी.

लताची मेल आली की शेजारचा रुपचंद येऊन वाचून दाखवतो. त्याचा आवाज पानटपरीपर्यंत जातो. म्हणून बंगलोरहून पोरगी फक्त हवा आणि मेसचं जेवण कळवते. फोन घ्यावा तर हे शेजारीच बसलेले, आणि पोस्टाने काही आलं की ओट्यावर बसून मोठ्याने वाचतात. तूही माझ्या शाळेच्याच पत्त्यावर लिहीत जा.

चोपड्याच्या स्थळाला दसऱ्याला शब्द द्यायचाय. लताचं वय ह्यांनी दोन वर्षं कमी सांगून टाकलंय. लता लिहिते, तुम्ही ठरवाल ते. माझी पोर असं कधी बोलत नाही रे. तिच्या मनात काहीतरी आहे आणि ते मला एकटीला वाचायचंय. दसऱ्याआधी काहीतरी कर.

तुझ्यावर रागावलेली, पण तुझीच,
प्रमिलाअक्का

जळगाव
११ सप्टेंबर १९९९

ति. अक्कास लीलाधरचा साष्टांग नमस्कार.

चौकट मी दिवाळीत रंगवून देईन, भाऊजींना सांग. मॉनिटर बंद पडलेल्या छापखान्यातला आहे. तो एकाच मापात चालतो, आडवे सोळाशे ठिपके, कमी करता येत नाहीत. लताने कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स घालून ठेवलंय, त्या बिचाऱ्याला आपला पडदा किती रुंद हेच माहीत नाही. ते आपण सांगायचं. रुंदी इंचांत मोज, सोळाशेला तिने भाग, आणि येईल तो आकडा, म्हणजे दर इंचाला किती ठिपके, सुरू करायच्या आज्ञेत डीपीआय या अक्षरांपुढे टाक. आकडा मोठा तर अक्षर मोठं. आज्ञा चिठ्ठीवर लिहून सोबत जोडली आहे. मराठी शिकवता शिकवता भागाकार विसरली नसशील, अशी आशा.

माया पातळ होऊ देऊ नको.
तुझा लीलाधर

धुळे
१८ सप्टेंबर १९९९

चि. लीलाधर यास आशीर्वाद, आणि कानही धरला आहे.

भागाकार चोख केला. रुंदी पंचवीस इंच, आकडा चौसष्ट. अक्षरं होती त्याहून बारीक झाली! रुपचंदलाही दिसेनात, तर त्याने अंदाजपंचे वाचून लताला ताप आल्याचं जाहीर केलं. हे धावतच फोनकडे गेले. ताप बीप काही नव्हता. पण फोनवर पोरीचा आवाज उतरलेला होता, आणि ह्यांच्यासमोर मला काही विचारता आलं नाही. दसरा महिन्यावर आलाय, जिवाला घोर लागलाय.

वाट पाहणारी,
अक्का

जळगाव
२३ सप्टेंबर १९९९

ति. अक्कास साष्टांग नमस्कार.

छापखान्यातला मॉनिटर पंचवीस इंच कसा, म्हणून रात्रभर डोकं खाजवलं. मग तुझा स्वभाव आठवला. तू त्याच्यावर क्रोशाचं कव्हर घातलं असशील आणि झालरीपासून झालरीपर्यंत टेप धरली असशील. अक्का, कापसाच्या मापात कधी गाडी धरतात का? फक्त उजळणारी काच मोज. सोळा इंच भरेल, आकडा शंभर.

कव्हर छान असेल यात शंका नाही.
तुझा लीलाधर

धुळे
४ ऑक्टोबर १९९९

चि. लीलाधर यास उदंड आशीर्वाद.

कव्हर छानच आहे. शंभर टाकल्यावर अक्षरं सुधारली, पण पडद्याला नाक लावावं लागायचं. मग म्हटलं, ह्यांनी चोपडेकरांना वय कमी सांगितलं, तर मी पडद्याला रुंदी कमी सांगितली तर काय बिघडलं? अकरा इंच सांगितले, आकडा एकशे पंचेचाळीस. अक्षरं बोराएवढी झाली! लगेच लताला कळवलं, आता मी एकटी वाचते.

दुसऱ्या दिवशी तिचं उत्तर आलं. पाच ओळींतच मला चष्मा पुसावा लागला. किती दिवसांनी पोर माझ्याशी बोलली रे! तिला तिच्या ऑफिसातला एक मुलगा पसंत आहे. बंगलोरला जाऊन शोधला तो आपल्या अमळनेरचा! फक्त तो तिच्याहून दोन वर्षांनी लहान आहे, म्हणून ती आजवर गप्प होती.

पडद्याला खोटं सांगितलं तसं ह्यांनाही सांगावं, असं एकदा मनात आलं. नाही सांगितलं. दोघांची खरी वयं सांगितली. हे सुपारी कातरायचे थांबले. जेवले, अंगणात गेले, चपला घालून चौकापर्यंत जाऊन आले. मग दारातूनच विचारलं, "पोऱ्या कसा शे?"

मुलगा कसा, तेवढंच. पण चोपड्याला नको म्हणून निरोप गेला आहे.

या रविवारी तो सुट्टीवर घरी येतोय, तेव्हा तू अमळनेरला जा, मुलगा बघ, त्याचं घर बघ, आणि असेल तेच माप कळव. पत्र या वेळी घरच्या पत्त्यावर पाठव. ह्यांना ओट्यावर बसून मोठ्याने वाचू दे.

तुझ्या वाटेकडे डोळे लावलेली,
अक्का