विहिरीखालची मका

कवठे येमाई, १८ जुलै २००३

ती. सुलक्षणाताईस,
रविराजचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक. विहिरीखालच्या वावरात गुरांसाठी केलेली मका गुडघ्याला लागलीय. यंदा पेरणीआधी आपल्याच शेडातलं कोंबडीखत भरपूर टाकलं. त्यातच नत्र इतकं असतं, की आता युरियाचा दुसरा हप्ता नको. पण आबांनी गोण्या आणून ठेवल्यात. मी अडवलं तर म्हणतात, कोंबडीखत रानाला आन् युरिया पिकाला, तू मला शिकवू नगं. पाऊस नाही, अशात एवढं खत पिकाला झेपायचं नाही. तुझं ते ऐकतात. त्यांना एक पत्र टाक.

तू वासरापासून वाढवलेली पवळी दोन्ही वेळा दूध देते. हट्टीपणात तुझ्यावरच गेलीय. दाजींना नमस्कार. लोभ आहे तसाच ठेव.

तुझा रविराज

कुरकुंभ, २६ जुलै २००३

चि. रविराजास ताईचे अनेक आशीर्वाद.

यांना कंपनीत रात्रपाळी आहे. दिवसा झोपतात, म्हणून भांडी तशीच ठेवून लिहितेय. आबांना मी काही लिहिणार नाही. आई गेल्यापासून ते घरातल्या कशातच बोलत नाहीत, शेतीत तेवढं बोलतात. तेही काढून घ्यायचं? युरिया जास्त झाला तर वाया जाईल, आणखी काय होणार? तू लग्न कर, म्हणजे तुझं ऐकणारं माणूस घरात येईल.

माया आहेच, ती वाढव.

तुझी ताई

कवठे येमाई, १९ ऑगस्ट २००३

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

पवळी गेली. आबांनी युरिया दिला, मका काळीभोर झाली, मग उन्हानं सुकली. परवा भुरभुर पाऊस झाल्यावर आबांनी ती कापून पवळीला आन् तिच्या कालवडीला घातली. तासाभरात दोघी थरथरायला लागल्या, हिरड्या निळ्या पडल्या. शिरूरहून डॉक्टर येईपर्यंत पवळी संपली होती. इंजेक्शनवर कालवड उठली. ती आता माझ्या हातानं खाते. डॉक्टर म्हणाले, कोंबडीखत, वर युरिया, त्यात पाण्याचा ताण. नत्राचं विष मक्याच्या ताटात, दांड्यात साठलं. मका उभी ठेवा, कणसं होऊ द्या, दाण्याला धोका नाही.

आबा शेजारीच उभे होते. मका पेटवून द्यायची म्हणतात, गोठ्यात पाऊल टाकत नाहीत. मला म्हणाले, सुलक्षणाला लिव्ह, गाय साप चावून गेली. म्हणून हे त्यांच्या माघारी लिहितोय.

रविराज

कुरकुंभ, २७ ऑगस्ट २००३

तीर्थरूप आबांस,
सुलक्षणाचा शि. सा. न. वि. वि.

पवळीला साप चावल्याचं रविराजनं कळवलं. वाईट वाटलं, पण जनावराच्या आयुष्याला कुणी काय करावं.

मका चांगली आलीय म्हणे. ती उभीच ठेवा, मला कोवळी नको, दाण्याची भाकरी खायचीय. पुढच्या पेरणीला खत रविराजला टाकू द्या, तुम्ही बांधावर बसून त्याच्या चुका काढा.

आणखी एक. रविराज लिहितो, कालवड त्याच्या हातानं काहीच खात नाही, सारखी दाराकडं बघते. तेवढं तुम्हीच गोठ्यात जाऊन तिला पाणी दाखवा.

तुमची छाया अशीच राहो.

आपली
सुलक्षणा